दुधातली साखर

१

कंडक्टर आजींनी नाश्त्याच्या टेबलाशीच जीव सोडला, तेव्हा त्यांच्या शेजारी बसलेल्या आजोबांनी आपला चहा सावकाश संपवला.

हवालदारानं हे सांगितलं तेव्हा इन्स्पेक्टरबाईंना वाटलं, हा नेहमीसारखं तिखटमीठ लावतोय.

"संपवला म्हणजे?"

"प्यायले की, मॅडम. आजी खुर्चीवरून कोसळल्या, हातपाय झाडतायत, तोंडाला फेस. आणि हे पोस्टमन आजोबा कप तोंडाला लावून बसलेत. कुणी ओरडलं नाही की कुणी उठलं नाही. कामवाली बाई आतून धावत आली, तोवर सगळं आटोपलं होतं."

दवाखान्यानं 'अचानक मृत्यू' म्हणून कळवलं होतं, एवढ्यासाठीच पोलिसांना वृद्धाश्रमात जावं लागलं. गेलेली बाई सत्तरीच्या पुढची, जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेली. यात शोधायचं ते काय, असं म्हणतच इन्स्पेक्टरबाई जीपमधून उतरल्या.

दार उघडल्याबरोबर फिनेल आणि गुलाबाच्या अत्तराचा एकवटलेला वास नाकात शिरला. मोठा हॉल, पांढरीशुभ्र फरशी, भिंतीला टेकून ओळीनं आरामखुर्च्या. प्रत्येक खुर्चीत एक म्हातारा नाहीतर म्हातारी, हनुवटी छातीवर टेकलेली. समोर टीव्ही चालू, पण आवाज बंद. एक कामवाली हातात टॉवेल घेऊन ओळीतून फिरत होती. या आजोबांची लाळ पुसली, पुढच्या आजींची पुसली, त्याच्या पुढच्यांची पुसली. टॉवेल तोच. टॉवेलाचा तो ओला, पिवळट कोपरा बघून इन्स्पेक्टरबाईंनी तोंडावर रुमाल धरला.

पण त्यांना खरी टोचली ती शांतता. घरी त्यांच्या सासूबाई एकट्या होत्या, तरी सकाळपासून चहा पांचट झाला, पंखा जोरात आहे, शेजारीण उलट्या काळजाची आहे, असा पट्टा चालूच. इथं म्हाताऱ्या माणसांनी हॉल भरलाय आणि कुणाची एक तक्रार नाही? म्हातारपणी तोंडच तेवढं धड उरतं, ते कुणी बंद केलं?

संचालक हात चोळत आले. कडक इस्त्रीचा सदरा, मऊ गोरे हात, चेहऱ्यावर तेल लावल्यासारखं हसू.

"आमच्या आई गेल्या हो, मॅडम. मी सगळ्यांना आईच म्हणतो. पिकलं पान, गळायचंच. त्यांना फेफरं होतं ना. आमच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. पण आलेल्या वेळेला औषध काय करणार?"

"औषध कोण द्यायचं?"

"सिस्टर देते. मी तर सगळ्यांचं संध्याकाळचं दूध तेवढं स्वतःच्या हातानं करतो. साखर घालून, ढवळून. घरच्यासारखं वाटतं त्यांना." त्यांनी मान तिरकी केली. "इथं आल्यावर किती शांत झाल्या होत्या आमच्या आई!"

इन्स्पेक्टरबाईंनी हात मिळवणं टाळलं, कारण तो हात आपल्या हाताला लागू नये असं त्यांना वाटत होतं. बाहेर जीपपाशी पोचतात तोच फोन वाजला. सरकारी डॉक्टर होते, प्रेतं तपासणारे.

"बाई, तुमच्या म्हातारीच्या रक्तात एक औषध सापडलंय. घरी जाऊ नका. आधी इकडे या."

२

सरकारी डॉक्टर बोलायला लागले की त्यांना थांबवणं अवघड. पण आज ते चष्मा पुसत राहिले.

"बार्बिच्युरेट," ते म्हणाले. "आपल्या आजोबांच्या काळातलं झोपेचं औषध. तेव्हा बड्या घरांत उशाशी बाटली असायचीच. आता झोपेसाठी सहसा कुणी देत नाही."

"का? झोप येत नाही?"

"झोप येते हो. तीच तर भीती. बाकीच्या औषधांत झोप आणि मरण यांच्यामध्ये मैदान असतं. इथं बोटभर अंतर. मेंदू मंद होतो, मग श्वास मंद होतो, मग थांबतो. सोबत दारू घेतली तर विचारूच नका. आणि याला उतारा म्हणून दुसरं औषध नाही. श्वास चालू ठेवायचा आणि वाट बघायची. त्यात याची सवय लागते. काही दिवसांनी तेवढ्या गोळीनं झोप येईनाशी होते, माणूस वाढवत जातो. पण मरायला लागणारी मात्रा त्या बेतानं वाढत नाही. ती असते तिथंच उभी. एक दिवस माणूस चालत चालत तिच्यावर जाऊन आदळतो."

"म्हणजे हिला जास्त दिलं कुणीतरी?"

"तिथंच तर घोडं पेंड खातंय. सापडलंय ते अगदी किरकोळ. याच्यानं चिमणीसुद्धा मरायची नाही."

"संचालक म्हणतात, फेफऱ्याचं औषध चालू होतं."

"मग हरकत नाही. यातलंच एक औषध फेफऱ्यावर आजही देतात, आणि त्यासाठी ते चांगलं आहे. पण रोज घेणाऱ्याच्या रक्तात याच्या कितीतरी पट जास्त सापडायला हवं. बहुतेक आजींनी औषध चुकवलं असणार आणि आला झटका. संपला तुमचा तपास."

इन्स्पेक्टरबाई उठल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढून हॉलमधली लाळ जाईना. "डॉक्टर, हे औषध रोज घेणारा माणूस दिसतो कसा?"

"जास्त झालं तर? पेंगलेला. जीभ जड, चाल झोकांड्या खाणारी, दारू प्यायल्यासारखी. म्हाताऱ्यांचं तर डोकंच भ्रमतं. लोकांना वाटतं, वय झालं."

"मग तिथं हॉलभर फेफऱ्याचे रोगी बसलेत," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, "नाहीतर त्या दुधात काहीतरी आहे."

३

कंडक्टर आजींचा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीत आला. बँकेतला साहेब, नीटनेटका, डोळे सुजलेले.

"फेफरं? आईला?" तो खुर्चीतून अर्धवट उठला. "अहो, ती बसची कंडक्टर होती. दरवर्षी त्यांची तपासणी व्हायची. धावत्या बसच्या दारात उभं राहायचं काम, फेफऱ्याच्या माणसाला कोण ठेवील? तिला कधी साधी घेरीसुद्धा आली नाही. होता तो एक गुडघा दुखरा. त्याचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. आधी सगळ्या रक्ताच्या तपासण्या होणार होत्या."

"हे आश्रमात कुणाला माहीत होतं?"

"मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला होता, चिठ्ठी द्या म्हणून. आजारपणाची, औषधांची. आईला सांगायचं राहूनच गेलं."

"तिला आश्रमात का ठेवलं होतं?"

त्यानं टेबलावरचा पेपरवेट फिरवायला सुरुवात केली. "ती ओरडायची हो. पहाटे उठून स्टॉपची नावं पुकारायची. 'पुढे चला, पुढे चला.' बायको कंटाळली, शेजारी भांडायला यायचे. आधीच्या आश्रमानं परत पाठवली. इथले संचालक म्हणाले, आमच्याकडे पंधरवड्यात शांत होतील. आणि खरंच झाली."

"कशी झाली, ते विचारलंत?"

पेपरवेट थांबला. "नाही."

"का?"

"झोप लागत होती आम्हाला घरी," तो खाली बघत म्हणाला.

इन्स्पेक्टरबाईंनी त्याला पाणी दिलं. त्याच्याविषयी दया वाटायला हवी होती. वाटली ती किळस, आणि त्या किळसेत थोडी स्वतःचीही होती, कारण सासूबाईंच्या तोंडाला कधीतरी कुलूप लागावं असं त्यांनीही अनेकदा मनात म्हटलं होतं.

दुपारी त्या आश्रमात गेल्या, कंडक्टर आजींच्या खोलीत. दुसऱ्या पलंगावर शिवणकामवाल्या आजी भिंतीकडे तोंड करून घोरत होत्या. हवालदारानं दार लावताच घोरणं थांबलं आणि एक डोळा उघडला.

"पोलीस का गं तू? बरं झालं. आधी मला सांग, ते चटणीच्या रंगाचे पडदे कुणी शिवले? शिवण बघ, कशी उसवलीय. लाज नाही."

हवालदार हसला. इन्स्पेक्टरबाई मात्र पलंगाच्या कडेवर बसल्या. या घरातली ही पहिली तक्रार होती. "आजी, तुम्ही झोपेचं सोंग का घेता?"

"जो बोलतो त्याची हे 'खास काळजी' घेतात, म्हणून. मग तो बोलत नाही."

"संध्याकाळी दूध पिता?"

"छे! लहानपणापासून दूध बघितलं की मला उमळतं. माझा पेला मी मोरीत ओतते. कुणाला सांगू नकोस."

"आणि तुमच्या मैत्रिणीचा?"

आजी उठून बसल्या. त्यांचा आवाज खाली आला. "ती प्यायची. गटागटा. पाकासारखं गोड असायचं ते, वासावरून कळायचं. पिऊन ओंडक्यासारखी पडायची. मग मागच्या आठवड्यात एकदा पेला ठेवून म्हणाली, 'आज साखर संपली वाटतं यांची. फिकं लागतंय.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आणि तेव्हापासून तिची झोप उडाली. हात असे लटलट कापायचे. घामानं चादर भिजायची. भिंतीवर किडे चाललेत म्हणायची, मला उठवून दाखवायची. भिंत बघ, स्वच्छ आहे. मी सिस्टरला सांगितलं. सिस्टर संचालकांकडे गेली. तो येऊन म्हणाला, 'आई, वय झालं की असं होतं.' आणि गेली ना गं ती सकाळी."

इन्स्पेक्टरबाईंनी तिथूनच सरकारी डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, तिला फेफरं नव्हतंच. कधीच नव्हतं. आणि गेल्या आठवड्यापासून कापरं, घाम, झोप नाही, भिंतीवर किडे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मग मी गाढव आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "बाई, तिला विष देऊन कुणी मारलेलं नाही. तिचं विष काढून घेऊन मारलंय."

४

"दारुड्याची दारू तोडली की तो कापतो, बरोबर?" डॉक्टर सांगत होते. "हे त्याच जातीचं, फार वाईट. कित्येक महिने मेंदूवर ओझं ठेवायचं आणि एका दिवसात उचलायचं. दाबलेली स्प्रिंग उसळावी तसा मेंदू उसळतो. दोन-तीन दिवसांत कापरं, भास, मग झटके. निरोगी माणसालाही झटके येतात, आणि माणूस जातो. म्हणून हे औषध एकदम थांबवायचं नसतं. हळूहळू, आठवडेच्या आठवडे घेऊन उतरवायचं, डॉक्टरच्या देखरेखीखाली."

म्हणजे आता प्रश्न एवढाच उरला: थांबवलं कुणी?

सिस्टर स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर बसून रडत होती. पेले तीच वाटायची. प्रत्येकाचा पेला वेगळ्या रंगाचा, कंडक्टर आजींचा निळा.

"मला संशय होता, मॅडम. एकदा उरलेलं दूध मी प्यायले, तर घरी जाताना बसमध्ये झोपले ते थेट शेवटच्या स्टॉपला कुणीतरी उठवलं. मी विचारलं तर संचालक म्हणाले, 'ताकद येण्याचं औषध आहे, तोंड बंद ठेव.' मला आश्रम सोडायचा होता. पण मी गेल्यावर यांचं कोण बघणार?"

"मग दया येऊन तू आजींचं दूध ओतून द्यायला लागलीस?"

"नाही हो! तेवढं धाडस असतं तर..." तिनं पदर तोंडात धरला. "ते म्हणतात, मीच ते केलं. आत तुमची वाट बघतायत. आश्रमाचे डॉक्टरही आलेत. माझं नाव लिहून देणार आहेत."

५

ऑफिसात गुलाबाचा वास आणखी दाट होता. संचालक खुर्चीत, आश्रमाचे म्हातारे डॉक्टर कोपऱ्यात घाम पुसत, मुलगा खिडकीशी. सिस्टर दारातच उभी राहिली.

"मॅडम, मन घट्ट करून सांगतो," संचालक म्हणाले. "आम्ही आजींना फेफऱ्याचं औषध दुधातून द्यायचो, कारण त्या गोळी थुंकायच्या. या मुलीनं वेडी माया करून दूध ओतून दिलं. तिला कळलं नाही त्याचा परिणाम. पोर आहे, माफ करा तिला."

"ओतून दिलं?" इन्स्पेक्टरबाई बसल्या. "मग आजी काय प्यायल्या?"

"अं?"

"आजी रोज निळा पेला रिकामा करत होत्या. शेवटच्या संध्याकाळपर्यंत. दूध कुणी ओतलं असतं तर त्यांना पेला मिळालाच नसता. त्यांना दूध मिळालं, फक्त ते फिकं लागलं. आता तुम्हीच मला सांगा, दुधात इतकी साखर का असायची?"

संचालक नुसतेच हसले.

"कारण ते औषध कडू असतं. कडू झाकायला साखर. म्हाताऱ्या माणसांना पाकासारखं दूध देणारा काहीतरी झाकतोय. आणि ज्या दिवशी गोळी गेली, त्याच दिवशी साखरही गेली. सिस्टरनं गोळ्या चोरल्या असत्या, तर साखर घालणारा हात घालतच राहिला असता. साखर का थांबली? तर गोळी घालणारा आणि साखर घालणारा हात एकच होता, आणि त्याला ठाऊक होतं की या एका पेल्यात आता झाकण्यासारखं काही नाही. मला पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत. दूध मी स्वतःच्या हातानं करतो, साखर घालून, ढवळून."

"असेल विसरलो एखादा दिवस," संचालक म्हणाले.

"फक्त निळ्या पेल्यात? रोज? बाकीचे तर अजून खुर्च्यांत पेंगतायत. वेगळं काय होतं या एका आजीत? तिच्या रक्ताची तपासणी होणार होती. ऑपरेशनचे डॉक्टर विचारणार, हे औषध कशाला? मुलगा सांगणार, आईला फेफरं कधी नव्हतंच. मग इथल्या प्रत्येकाचं रक्त तपासलं गेलं असतं. ऑपरेशनचं मुलानं एकाच माणसाला सांगितलं होतं." त्या कोपऱ्याकडे वळल्या. "डॉक्टर, तुम्ही ते कुणाला सांगितलंत?"

म्हाताऱ्या डॉक्टरांनी रुमाल खिशात कोंबला. "मी... मी यांना सांगितलं. पण मी हेही सांगितलं की एकदम थांबवू नका! ऑपरेशन पुढं ढकलतो, महिनाभर लावून उतरवू. एकदम थांबवलं तर झटके येतील, म्हातारी मरेल, असं स्पष्ट म्हणालो मी. दोनदा म्हणालो."

"मी ऐकलंय," दारातून सिस्टर म्हणाली. तिचा आवाज आता कापत नव्हता. "मी चहा घेऊन आले होते. हे म्हणाले, 'महिनाभर कोण थांबणार? मेली तर वयानं मेली.'"

मुलगा खिडकीपासून पुढं झाला, आणि हवालदारानं त्याला धरलं.

संचालकांचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. "अहो पण मॅडम, मी काय केलं? मी काही दिलं नाही. मी तर थांबवलं. थांबवणं गुन्हा आहे का? देत होतो तेव्हा यांचीच मुलं पाया पडायची माझ्या. शांत केलंत हो आईला, म्हणून. विचारा यांना."

मुलाचे हात खाली पडले. इन्स्पेक्टरबाई उठल्या.

"हवालदार, यांना गाडीत घाला. डॉक्टरांनाही. आणि ती खिडकी उघडा आधी, हा वास जाऊ दे."

६

गोळ्यांचे डबे कपाटात पुस्तकांसारखे रचलेले होते. इन्स्पेक्टरबाईंनी पंचनामा उरकला, आणि पुरावा म्हणून लागतील तेवढे बाजूला ठेवून उरलेले उचलून थेट मोरीकडे निघाल्या. गोळ्या ओळखायला आलेल्या सरकारी डॉक्टरांनी वाटेत त्यांचा हात धरला.

"काय करताय?"

"ही घाण गटारात घालते."

"आणि उद्या? उद्या हॉलमधल्या एकेकाचं कापरं सुरू झालं म्हणजे? तुम्हीही तेच कराल जे त्यानं केलं."

त्या डबे छातीशी धरून उभ्या राहिल्या. मग हॉलमध्ये टेबल मांडलं गेलं, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर येऊन बसले, प्रत्येकाची नाडी, श्वास बघून मात्रा ठरली. आधी तीच, मग जराशी कमी, मग आणखी कमी. पहिल्या संध्याकाळी सिस्टर गोळी तोंडात देत होती, उघडउघड, नाव सांगून, आणि म्हातारी माणसं पाखरांसारखी चोची उघडत होती. इन्स्पेक्टरबाईंनी ते सगळं बघितलं. घरी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि तरी जेवण गेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, भाजीत मीठ जास्त झालंय, त्यात नवल ते काय. इन्स्पेक्टरबाईंनी उलट उत्तर दिलं नाही, म्हणून सासूबाईंनी काळजीनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

पावसाळा सरत आला तेव्हा खटल्यासाठी जबाब घ्यायला त्या पुन्हा आश्रमात गेल्या. पोस्टमन आजोबांच्या शेवटच्या गोळ्या नुकत्याच बंद झाल्या होत्या. ते पलंगाच्या कडेला ताठ बसले होते, दाढी केलेली, डोळे स्वच्छ. त्या सकाळचं त्यांना काहीही आठवत नव्हतं. चहा नाही, आजी नाही, काही नाही.

"तुम्ही पोलिसातल्या ना?" ते म्हणाले. "मग एक माणूस शोधून द्या. मी यांना सारखा विचारतोय, कुणी धड सांगत नाही. माझी बायको. आम्ही दोघं एकदमच आलो होतो इथं. ती बाजूच्या पलंगावर झोपायची."

इन्स्पेक्टरबाईंनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनं नजर खाली वळवली.

असल्या बातम्या त्यांनी अनेक दारांत उभं राहून दिल्या होत्या. ही देताना त्या आजोबांच्या शेजारी बसल्या. "त्या गेल्या, आजोबा. मागच्या वर्षी. इथंच."

आजोबांनी बाजूच्या पलंगाकडे बघितलं. तिथं आता दुसऱ्याच कुणाचं पांघरूण होतं. बराच वेळ ते त्याच्यावरची निळी रेघ बघत राहिले.

"मी होतो तेव्हा?"

"होतात," सिस्टर म्हणाली.

"मी रडलो होतो का?"

सिस्टरनं तोंड उघडलं. खोटं तिच्या ओठांवर आलं होतं, इन्स्पेक्टरबाईंना ते स्पष्ट दिसलं. पण ती म्हणाली, "नाही आजोबा. आम्ही तुम्हाला उठवलं. तुम्ही बघितलंत, आणि परत झोपलात."

आजोबांनी मान हलवली, कुणी पत्ता सांगितल्यावर हलवावी तशी. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, घडी घालून उशाशी ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "मग आता जरा दार लोटून घ्या."

दोघी बाहेर आल्या. इन्स्पेक्टरबाईंनी दार लोटलं आणि जबाबाचा कोरा कागद हातात धरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आतून आवाज यायला बराच वेळ लागला.